सहावा डबा घेण्याआधी

वाचकाचा प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारे ३८ वर्षांचे एक वाचक ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करतात. सोमवार ते शुक्रवार पहाटे पावणेपाचला उठून ते जिमला जातात. साडेपाच ते सात दम काढणारं सर्किट ट्रेनिंग आणि रविवारी सायकलवर येऊरचा डोंगर. अमेरिकेतल्या टीमबरोबरचे कॉल रात्री साडेअकरापर्यंत चालतात, झोपायला सव्वाबारा होतात. सोळा तासांचा उपास चालू असल्याने व्यायामानंतर फक्त ब्लॅक कॉफी आणि पहिलं खाणं थेट दुपारी एकला. शाकाहारी आहेत, अंडंही नाही, वजन ७४ किलो. दोन वर्षांत पोट गेलं, ताकद वाढली. पण ते लिहितात, ‘साडेदहाच्या मीटिंगमध्ये डोकं कोरं असतं. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. गेल्या महिन्यात ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभा होतो, ऐरोली गेलेलं कळलंच नाही, रबाळ्याला उतरलो.’ घरात प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर), व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर), बीसीएए (प्रथिनांतली तीन अमिनो आम्लं), क्रिएटिन आणि मल्टिविटामिन असे पाच डबे आहेत, महिन्याचा खर्च सात हजारांच्या घरात. आता ट्रेनरने ‘फोकस’साठी कॅप्सूलचा सहावा डबा सुचवला आहे, २,८०० रुपयांचा. पत्नीचं म्हणणं, हे सगळं आणि जिमही बंद करा. ‘घेऊ की बंद करू?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘वडील ७१ वर्षांचे आहेत, हल्ली एकच गोष्ट चारदा विचारतात. मला त्या वाटेने जायचं नाही.’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आहारतज्ज्ञ म्हणून वाचताना डब्यांची यादी डोळ्यांत भरली. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर थांबले. तिच्याकडे येणारच आहे. आधी थोडा हिशेब करू, कारण तो तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही तो एका ठिकाणी मांडलेला नाही.

सव्वाबारा ते पावणेपाच म्हणजे साडेचार तास. तेही अंथरुणात पडल्यापासून धरून. आठवड्यातून पाच रात्री. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी सांगते. त्यात लोकांना सलग चौदा दिवस रोज चार किंवा सहाच तास झोपू दिलं आणि त्यांचं लक्ष, प्रतिसादाचा वेग रोज मोजला. सहा तासवाल्यांचीसुद्धा कामगिरी चौदाव्या दिवसापर्यंत रात्रभर जागलेल्या माणसाइतकी खालावली होती, चार तासवाल्यांची तर काही चाचण्यांत दोन रात्री जागलेल्यासारखी. आणि त्यांना स्वतःला विचारलं तेव्हा ते म्हणत होते, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. तुम्ही तर साडेचार तासांवर दोन वर्षं काढली आहेत. ‘मला सवय झाली आहे’ असं तुम्ही पत्रात लिहिलं आहे. सवय आपल्याला वाटण्याची होते हो, मेंदूच्या कामाची होत नाही.

दुसरा हिशेब कॅफिनचा. तुमच्या प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम, असं तुम्हीच लेबल वाचून लिहिलंत. वर दोन मग ब्लॅक कॉफी, म्हणजे साधारण १८०. संध्याकाळी साडेपाचला एनर्जी ड्रिंकचा कॅन. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. बेरीज ४५५ होते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० ही मर्यादा मानतात. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना सातही. कॅफिन ताकद देत नाही. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, तो थकव्याचा निरोप असतो. कॅफिन तो निरोप दारातच अडवून धरतं. थकवा असतो तिथेच असतो, तो फक्त आपल्याला कळत नाही. मग कॅफिन उतरलं की सगळे निरोप एकदम आत येतात, आणि तुमच्या बाबतीत ही वेळ नेमकी साडेदहा-अकराची आहे. संध्याकाळचा कॅन रात्रीची झोप पातळ करतो, पातळ झोपेमुळे पहाटे स्कूप लागतो आणि असं हे फिरत राहतं.

म्हणून ‘सहावा डबा घेऊ का?’ या प्रश्नातली एक गोष्ट तुम्ही तपासून पाहावी असं मला वाटतं. तुम्ही धरून चालला आहात की व्यायामानंतर तुमच्या मेंदूला काहीतरी कमी पडतं आणि ते डब्यातून भरून काढता येईल. पण सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत तुमच्या शरीरात काय जातं ते बघा. पाणी आणि कॉफी. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली वीस टक्के एकटा मेंदू खातो आणि त्याचं मुख्य खाद्य ग्लुकोज. रात्रभर उपाशी, मग दीड तास घाम गाळून स्नायूंनी साठा वापरलेला, त्यावर आणखी सहा तास काही नाही. शरीर रक्तातली साखर सांभाळून घेतं, निरोगी माणसात ती सहसा धोक्यापर्यंत उतरत नाही, हे खरं. पण त्या सांभाळून घेण्यात माणूस ताजातवाना राहत नाही. त्यातच जोरदार व्यायामानंतर काही तास रक्तदाब नेहमीपेक्षा खाली राहतो. उपाशीपोटी, घाम जाऊन, गर्दीच्या डब्यात उभं राहिल्यावर डोकं हलकं वाटणं त्यातूनही येतं. रबाळ्याला उतरलात त्या दिवशी आदल्या रात्री किती वाजता झोपला होतात, आठवतंय का?

घामाचं तुम्हीच मोजून बघा, याला खर्च नाही. जिमला निघण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग कोरडं पुसून तसंच पुन्हा करा. जेवढं वजन कमी भरेल तेवढा घाम, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. तुमच्या ७४ किलोंना दोन टक्के म्हणजे दीड किलो. एवढं पाणी गेलं की लक्ष टिकवणं आणि गुंतागुंतीचे निर्णय घेणं अवघड जातं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये, एसी नसलेल्या जिममध्ये दीड तासात दीड किलो सहज जातं. मी स्वतः येऊरच्या चढावर मे महिन्यात हे करून पाहिलं होतं. बाटली संपवूनही घरच्या काट्यावर सव्वा किलो कमी भरलं आणि मी तर हळू चालणारी बाई आहे. भरपाईला नुसतं पाणी ढोसू नका, थोड्या वेळात फार साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ घातलेलं ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, तासा-दीड तासात थोडं थोडं.

आता डब्यांबद्दल. सगळ्यांना एकाच मापाने मोजणार नाही.

क्रिएटिन राहू द्या. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट. ते मुख्यतः मांस-माशांतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. ताकदीसाठी त्याचा उपयोग पक्का आहे. मेंदूसाठी? काही अभ्यासांत स्मरणशक्तीला थोडा फायदा दिसला, विशेषतः झोप झालेली नसताना. पण २०२४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळा पुरावा तपासून ‘क्रिएटिनने बुद्धी सुधारते’ हा दावा मान्य केला नाही. म्हणजे स्नायूंसाठी घ्या, डोक्यासाठी त्याच्याकडे बघू नका. रक्त तपासाल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा, कारण क्रिएटिन घेणाऱ्याचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि विनाकारण किडनीची भीती बसते. आधीपासून किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बीसीएए बंद करा. त्यामागची कल्पना चांगली होती. १९८० च्या दशकात ऑक्सफर्डचे एरिक न्यूशोम यांनी मांडलं की दीर्घ व्यायामात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मेंदूत जास्त शिरतं, त्यापासून बनणारं सिरोटोनिन वाढतं आणि मेंदू थकतो. बीसीएए त्याच दारातून आत शिरतात, म्हणून ते घेतले तर ट्रिप्टोफॅनला अडवतील. माणसांवरच्या प्रयोगांत मात्र हे ठामपणे उतरलं नाही. आणि तुमच्या व्हेमध्ये बीसीएए आहेतच. दोनदा कशाला पैसे मोजता?

व्हे हे अन्न आहे, औषध नव्हे, इतकं लक्षात ठेवलं तर चालेल. फक्त डबा कुठला ते बघा. २०२४ मध्ये केरळमधल्या यकृततज्ज्ञांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्के पावडरींवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण खरं नव्हतं आणि काहींत बुरशीचं विष सापडलं. सुट्ट्या पाकिटात भरून मिळणारी, ‘आपल्या ओळखीतून स्वस्तात’ आलेली पावडर घेऊ नका. डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबर हा परवान्याचा असतो, त्याचा अर्थ आतल्या मालाचा फायदा सिद्ध झाला असा नाही.

आणि तो सहावा डबा. तुम्ही लेबलचा फोटो जोडलात हे बरं केलंत. त्यावर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ८५० मिलिग्रॅम’ असं आहे आणि खाली अश्वगंधा, ब्राह्मी, टायरोसिन, कॅफिन वगैरे नऊ नावं. कुठलं किती, ते नाही. ब्राह्मीचा स्मरणशक्तीवर थोडा परिणाम दिसलेले अभ्यास आहेत, पण ते रोज ठरावीक मात्रेत, तीन महिने घेऊन. शिवाय अनेकांचं पोट बिघडतं. टायरोसिनचे प्रयोग सैनिकांवर, कडाक्याच्या थंडीत, तीव्र ताणाखाली झालेले. त्यांचा तुमच्या साडेदहाच्या मीटिंगशी फारसा संबंध नाही. अश्वगंधा आपल्या घरातली म्हणून निर्धोक वाटते, पण तिच्याने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत आणि थायरॉइडचं औषध घेणाऱ्यांनी ती मनाने घेऊच नये. त्यात आणखी कॅफिन, म्हणजे तुमची बेरीज अजून वर. घेऊ नका. ट्रेनर वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने तुम्हाला दोन वर्षांत उभं केलं आहे. पण व्यायाम शिकवणं ही एक विद्या आणि डोकं का चालत नाही हे शोधणं दुसरी.

या निमित्ताने इतरांसाठीही लिहिते, कारण परीक्षेच्या किंवा मॅरेथॉनच्या आधी हेच प्रश्न येतात : जागं राहण्यासाठी घेतलं जाणारं मोडाफिनिल हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. मित्राने दिली म्हणून घ्यायची गोळी नव्हे.

पत्नीचं म्हणणं मी अर्धं उचलून धरते. जिम बंद करू नका. पण तुमचा व्यायाम तुमच्या झोपेला झेपत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं आहे. पॅरिसच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३७ ट्रायअ‍ॅथलीट घेतले. त्यातल्या एका गटाला तीन आठवडे दर सत्राला ४० टक्के जास्त सराव करायला लावला. नंतर त्यांचा मेंदू स्कॅन करताना पैशांचे प्रश्न विचारले, आत्ता थोडे हवेत की थांबून जास्त? जास्त सराव केलेले लोक ‘आत्ता थोडे’कडे झुकले आणि विचारपूर्वक निर्णय घेणारा कपाळामागचा भाग त्या वेळी कमी काम करताना दिसला. म्हणजे अतिव्यायामाचा थकवा पायांतच राहत नाही. तो निर्णयांत उतरतो. तुम्ही लिहिलंय की सहावा डबा रात्री साडेबाराला कार्टमध्ये टाकलात. म्हणून सांगते, असे निर्णय सकाळी, झोप झाल्यावर घ्या.

मग करायचं काय? माझ्या मनात दोन वाटा आहेत. एक म्हणजे पहाटेचा व्यायाम ठेवायचा आणि रात्रीचे कॉल हलवायचे. मॅनेजरशी बोलून आठवड्यातून दोनच रात्री कॉल, बाकी टीममध्ये वाटून. हे झालं तर सगळ्यात उत्तम आणि विचारल्याशिवाय नाही म्हणतील असं धरून चालू नका. दुसरी, कॉल हलणारच नसतील तर व्यायाम हलवायचा. जोरदार सत्रं तीनच : शनिवारी सावकाश उठून, रविवारी येऊर आणि मधल्या एका दिवशी संध्याकाळी. बाकी दिवशी सव्वासातला उठा, अर्धा तास झपझप चाला, बस. तुमची ताकद या तीन सत्रांत टिकेल. दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखीच आहे, जोरदार व्यायामाच्या आदल्या रात्री सात तास झाले नसतील तर त्या दिवशी फक्त चालायचं.

प्री-वर्कआउट एकदम सोडलंत तर डोकं दुखेल. आठवडाभर अर्धा स्कूप, मग पाव, मग नाही. दुपारी बारानंतर कॅफिन नको, संध्याकाळचा कॅन तर आजपासूनच नको. झोपण्याच्या सहा तास आधी मोठ्या मात्रेत घेतलेलं कॅफिनसुद्धा झोप तासाभराहून अधिक कमी करतं.

आणि उपास. वजन उतरवायला त्याने तुम्हाला मदत केली, हे मी नाकारत नाही. पण वजन आता उतरलं आहे. जोरदार व्यायामाच्या दिवशी आधी एक केळं, आणि नंतर तासाभरात पोटभर नाश्ता : मुगाची दोन-तीन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा मटकीची उसळ घालून पोहे आणि वर ग्लासभर दूध. नुसते कांदेपोहे किंवा नुसता उपमा नको, त्यात प्रथिनं फारच कमी. उपास सोडवत नसेल तर रात्रीचं जेवण साडेसातला उरकून बारा तासांचा करा. तोही उपासच आहे.

आता तपासण्या. शाकाहारी माणसाचं डोकं चालत नसेल तर मी पहिलं नाव बी-१२ चं घेते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन ४४१ पुरुष तपासले होते, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. दोन तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. विसरभोळेपणा, थकवा, हातापायांना मुंग्या, सगळं यातून येऊ शकतं. गोळी स्वस्त आहे. तुमच्या घरातल्या पाच डब्यांत खरी गरजेची गोष्ट कदाचित मल्टिविटामिनच्या एका कोपऱ्यात, अपुऱ्या मात्रेत पडून आहे. बी-१२ बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. मल्टिविटामिनमध्ये बायोटिन जास्त असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

महिला वाचकांनी फेरिटिनचं हे वाक्य पुन्हा वाचावं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. पाम बीच रोडला पहाटे धावणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती, तीही ‘ब्रेन फॉग’चीच तक्रार घेऊन. धावून आल्या आल्या लोहाची गोळी आणि लगेच चहा. जोरदार व्यायामानंतर तीन ते सहा तास शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि लोह आत शिरू देत नाही, उरलंसुरलं चहा अडवतो. गोळी तीच ठेवली, फक्त धावण्याच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी. काही महिन्यांत फेरिटिन वर आलं.

हे सगळं एकदम सुरू करू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त झोप आणि संध्याकाळचा कॅन. मग नाश्ता. आणि प्रतिसादाचा वेग मोजा. शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी ऑफिसमध्ये ठेवा. रोज अकराला शेजारच्या सहकाऱ्याला ती उभी धरायला सांगा, शून्याच्या खुणेपाशी तुमचा अंगठा आणि बोट उघडं. त्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. कितीवर पकडली ते पाच वेळा लिहा, वर आदल्या रात्री किती तास झोपलात ते. महिन्याभराने ती वही तुम्हाला कुठल्याही लेबलपेक्षा जास्त सांगेल. मात्र छातीत दुखणं, धडधड, घेरी येऊन पडणं, किंवा बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय जड पडणं असं काही झालं तर वही ठेवा बाजूला आणि लगेच डॉक्टरकडे जा.

आता वडील. मला वाटतं, तुमचं खरं पत्र तिथे आहे. मीटिंगमध्ये शब्द सापडला नाही की तुम्हाला ते आठवतात आणि मग रात्री डबे शोधता. तुमची लक्षणं आणि त्यांची लक्षणं सारखी वाटली तरी त्यांची कारणं सारखी असतील असं धरू नका. साडेचार तास झोपणाऱ्या माणसाचं विसरणं झोपेने भरून येतं. तुमच्या भीतीचं उत्तर तुम्ही आधीच करत आहात, व्यायाम. डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंशावरच्या) ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत व्यायामाचा अभाव आहे, वाढलेला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी झालेलं ऐकू येणंही आहे. ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे.

पण वडिलांची तपासणी झाली का, हे पत्रात कुठे नाही. ते ७१ वर्षांचे, तेही बहुधा शाकाहारीच. अ‍ॅसिडिटीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ आणखी घटतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, ऐकू न येणं, मन खचलेलं असणं, यांतलं काहीही असलं तरी माणूस तीच गोष्ट चारदा विचारतो आणि यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा, मग त्यांच्या सल्ल्याने न्यूरोलॉजिस्टना.

रक्त द्यायला त्यांनाही बरोबर घेऊन जा. येत्या शनिवारी सकाळी, उपाशीपोटी. आधीचे दोन दिवस तुम्ही जोरदार व्यायाम करू नका, नाहीतर यकृताची तपासणीही केलीत तर त्यातलं एसजीओटी वाढलेलं दिसेल आणि नवीनच काळजी लागेल. रक्त देऊन झालं की दोघं मिळून नाश्ता करा.